डॉ. आनंदीबाई जोशींना अमेरिकेत घटसर्प झाला, तेव्हा त्यावर जगात कुठेच औषध नव्हतं

३१ मार्च आला की एक जुना फोटो सगळीकडे फिरायला लागतो. तीन तरुणी एका ओळीत. एकीने साडी नेसलीय, दुसरीच्या अंगावर किमोनो आहे आणि तिसरीने सीरियातला पारंपरिक पोशाख घातलाय. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातला. किमोनोतली केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी. खाली ठरलेल्या दोन ओळी असतात: पहिली भारतीय महिला डॉक्टर, वयाच्या २१ व्या वर्षी क्षयाने निधन. लाइक पडतो, शेअर होतो, माणूस पुढे सरकतो.

क्षयाचं बरोबरच आहे. पण त्याआधी आनंदीबाईंना आणखी एका रोगाने गाठलं होतं आणि त्याचं नाव या पोस्टमध्ये सहसा येत नाही. तो रोग म्हणजे घटसर्प, इंग्रजीतला डिप्थेरिया. नावातच साप आहे आणि तो उगाच नाही. दिसायला साधा घसा धरल्यासारखा, ताप बेताचा, आणि विष मात्र थेट हृदयापर्यंत जाणारं.

त्या वेळी आनंदीबाई ज्या देशात होत्या, ज्या शहरात होत्या आणि ज्या कॉलेजात शिकत होत्या, तिथेही या रोगावर उतारा नव्हता. नव्हता म्हणजे जगात कुठेच नव्हता.

तर सुरुवातीपासून पाहू.

३१ मार्च १८६५ ला पुण्यात जोशी घराण्यात एक मुलगी जन्माला आली. नाव ठेवलं यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे, एके काळच्या जमीनदार घराण्यातले. घराणं मोठं, पण पैसा ओसरत चाललेला. यमुना नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न टपाल खात्यात कारकुनी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लावून दिलं. गोपाळराव बिजवर, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली.

गोपाळराव हा एक अवघड माणूस होता. बायकोने शिकलं पाहिजे हा त्यांचा ध्यास. त्या काळात नवरे बायकोने वाचलं म्हणून मारत, आणि गोपाळरावांनी आनंदी वाचायचं सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून तिला मारल्याचं तिच्या चरित्रांत येतं. त्यांना थोर समाजसुधारक म्हणायचं की हेकट नवरा, यावर गेली सव्वाशे वर्षं मराठीत वाद चालू आहे. खरं तर ते दोन्ही होते, आणि आनंदीला दोघांशीही संसार करावा लागला.

त्यांच्या नोकरीत बदल्या फार. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता आणि शेवटी सेरामपूर. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने पुस्तकं उघडायची.

आनंदी चौदा वर्षांची असताना तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

आपण डॉक्टर व्हायचं, हे तिच्या मनाने तिथून घेतलं. त्या काळी घरातली बाई आजारी पडली तर पुरुष डॉक्टरपुढे जायची लाज, आणि बाई डॉक्टर तर दिसतच नव्हती. कित्येक बायका दुखणं अंगावर काढत आणि तशाच जात. ज्या मुलीचं बाळ दहाव्या दिवशी गेलं, तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१८८० च्या सुमारास गोपाळरावांनी अमेरिकेतल्या रॉयल वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला तिकडे शिकवायचंय, मला काही नोकरी मिळेल का, अशा अर्थाचं. वाइल्डर यांनी धर्मांतराची गोष्ट काढली. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं आणि विषय संपला. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचला. त्यांनी थेट आनंदीबाईंनाच पत्र घातलं. त्यातून जे नातं जुळलं ते शेवटपर्यंत टिकलं. आनंदीबाईंनी त्यांना मावशीच मानलं.

आता तब्येतीची पहिली नोंद इथे येते आणि ती नीट बघण्यासारखी आहे. कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंचं प्रकृतिमान बिघडायला लागलं होतं. अशक्तपणा, सतत डोकं दुखणं, अधूनमधून ताप, कधी धाप लागणं. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली, त्यांचा काही उपयोग झाला नाही. वय किती, तर सतरा-अठरा.

अंगात कसर असणं हा आपल्याकडचा जुना शब्द. ताप म्हणावा इतका नाही आणि बरं वाटतंय म्हणावं असंही नाही. घरोघरी बायका ही कसर घेऊनच चुलीपुढे बसत. आनंदीबाई ती घेऊन जहाजावर चढल्या.

जाण्याआधी २४ फेब्रुवारी १८८३ ला त्यांनी सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं. मी अमेरिकेला का जातेय, इथेच का शिकत नाही, एकटी का जातेय, जात गेली तर काय, अशा लोकांच्या एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्यांचा शब्द होता. त्या सभेनंतर ठिकठिकाणाहून मदत आली. ७ एप्रिल १८८३ ला त्यांनी कलकत्ता सोडलं आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत नवरा नव्हता, ओळखीच्या मिशनरी बायका होत्या. कार्पेंटरबाई बंदरावर घ्यायला आल्या होत्या.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. हे कॉलेज १८५० पासून फक्त बायकांना डॉक्टरकी शिकवत होतं. डीन होत्या रेचल बॉडली. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मंजूर झाली. राहायची सोय झाली, अभ्यास सुरू झाला. राहिला प्रश्न थंडीचा. पुण्याच्या थंडीत शाल पुरते. फिलाडेल्फियात बर्फ पडतो. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही आणि मांसाहारही केला नाही. त्यांच्या शब्दाला त्या पक्क्या होत्या. शरीराला मात्र तो सौदा महाग गेला.

आणि फिलाडेल्फियातल्या मुक्कामात त्यांना घटसर्पाने गाठलं.

घटसर्प नेमका करतो काय?

घसा दुखला की आपण काय करतो? मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, फार तर मेडिकलमधून एक गोळी. दहातल्या नऊ वेळा ते चालूनही जातं, कारण बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते आणि आपोआप बरी होते. घटसर्पाची सुरुवातही अशीच साधी होते. संसर्ग झाल्यावर दोन ते पाच दिवसांत घसा दुखायला लागतो, गिळताना त्रास होतो, ताप येतो तोही फार नाही. फसवणूक इथेच आहे. ताप कमी म्हणून आजार किरकोळ, असा आपला हिशेब असतो.

मग टॉन्सिलवर, पडजिभेवर, घशाच्या मागच्या भागावर एक करडा-पांढरा पडदा धरायला लागतो. मेलेल्या पेशी, रक्तातले घटक आणि जंतू यांचा तो थर असतो. तो खरवडायला गेलं तर रक्त येतं. काही रुग्णांची मान दोन्ही बाजूंनी इतकी सुजते की बघणाऱ्याला गालगुंड वाटावं. पडदा खाली स्वरयंत्रापर्यंत पसरला तर आवाज घोगरा होतो, श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि लहान मूल अक्षरशः गुदमरून जातं. जुन्या काळातल्या आयांना घटसर्पाचं जे भय होतं ते या गुदमरण्याचं.

पण पडदा ही अर्धीच गोष्ट झाली. घटसर्पाचा जंतू बहुतेक वेळा घशातच राहतो. तिथे बसून तो एक विष तयार करतो आणि ते विष रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. ते पेशींचं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. हृदयाचे स्नायू आणि मज्जातंतू यांच्यावर त्याचा विशेष राग.

त्यामुळे लक्षणं अशी दिसतात की त्यांचा घशाशी संबंध आहे हे पटत नाही. आठवडा-दोन आठवडे होतात, घसा बरा वाटायला लागतो, घरचे म्हणतात चला, सुटलो. आणि तेव्हाच नाडी बिघडते. ठोके अनियमित पडतात, थोडं चाललं तरी धाप लागते, कधी माणूस अंथरुणातून उठता उठता कोसळतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आवाज गेंगाणा होतो. पाणी प्यायला जावं तर ते नाकातून बाहेर येतं, कारण मऊ टाळूचा स्नायू लुळा पडलेला असतो. मग जवळचं वाचताना अक्षरं धूसर दिसतात. आणखी काही आठवड्यांनी हातपाय गळाल्यासारखे होतात. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटणार, घशाचं दुखणं केव्हाच गेलं, हा चष्म्याचा नाहीतर अशक्तपणाचा प्रश्न आहे.

यातली एक दिलासा देणारी बाब: मज्जातंतूंचा हा लुळेपणा बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू भरून येतो. हृदयाची खात्री तेवढी देता येत नाही.

असा दगाबाज घसा फक्त घटसर्पाचाच असतो असंही नाही. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने धरलेला घसा लहान मुलात कधी पोटदुखी आणि उलट्यांनी सुरू होतो, घसा दुखतोय हे मूल सांगतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुलाचे गुडघे, घोटे एकामागून एक सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. कुणाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो आणि लघवी चहाच्या रंगाची होते, ते मूत्रपिंडाचं दुखणं असतं आणि त्याचा उगम पंधरा दिवसांपूर्वीच्या घशात असतो. टॉन्सिलच्या बाजूला पू झाला तर तोंड उघडेनासं होतं, लाळ गळते, बोलणं तोंडात गरम घास धरल्यासारखं येतं आणि कळ कानात मारते. माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो. क्षयसुद्धा कधी स्वरयंत्रात उतरतो आणि आठवडेच्या आठवडे घोगरा राहिलेला आवाज एवढंच त्याचं लक्षण असतं.

म्हणून तोंड उघडत नसेल, लाळ गिळता येत नसेल, श्वासाला आवाज येत असेल, घशात करडा पडदा दिसत असेल किंवा मान सुजली असेल, तर गुळण्या करत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचं. आणि घरच्याघरी चमच्याने पडदा काढायचा प्रयत्न तर कधीच करायचा नाही.

शोध लागत होते, पण औषध नव्हतं

आनंदीबाईंच्या आयुष्याच्या तारखा आणि वैद्यकाच्या इतिहासातल्या तारखा शेजारी ठेवल्या तर चुटपुट लागते.

२४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. आनंदीबाई तेव्हा बंगालमध्ये अमेरिकेची वाट बघत होत्या. १८८३ मध्ये, म्हणजे त्या न्यूयॉर्कला उतरल्या त्या वर्षी, एडविन क्लेब्स यांनी घटसर्पाच्या पडद्यात एक काडीसारखा जंतू पाहिला. १८८४ मध्ये फ्रीडरिश लफ्लर यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. जंतू घशातच आहे, मग हृदय का बिघडतं, असा प्रश्न त्यांना पडला आणि हे काम एखाद्या विषाचं असावं असा अंदाज त्यांनी बांधला. ते विष पॅरिसमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर यर्सिन यांनी १८८८ मध्ये वेगळं करून दाखवलं. त्याचा उतारा कसा तयार होतो हे १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी सांगितलं. १८९४ पासून घोड्यांच्या रक्तातून काढलेलं ते औषध दवाखान्यांत पोचायला लागलं आणि मुलांच्या मरणाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आनंदीबाई शिकत होत्या ती १८८३ ते १८८६ ही वर्षं बरोबर मधली. शत्रू दिसला होता, हत्यार हातात आलं नव्हतं. डॉक्टरांकडे काय होतं? विश्रांती, घसा पुसायची औषधं, वाफ, पौष्टिक खाणं आणि श्वास अडलाच तर गळ्याला छेद देऊन हवेची वाट करणं. न्यूयॉर्कचे डॉ. जोसेफ ओड्वायर त्याच सुमाराला गुदमरणाऱ्या मुलांच्या स्वरयंत्रात नळी बसवण्याची खटपट करत होते. यापलीकडे काही नाही. उतारा नसलेल्या काळात ज्यांना घटसर्प होई त्यातले कधी कधी निम्मे दगावत.

यात गरीब-श्रीमंत असाही भेद नव्हता. १८७८ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची मुलगी ॲलिस आणि तिची चार वर्षांची लेक महिन्याभराच्या अंतराने घटसर्पानेच गेल्या. ॲलिस पस्तीस वर्षांची होती. अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्या राणीला स्वतःच्या मुलीसाठी औषध मिळालं नाही. आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा अभिनंदनाचा निरोप आला तो याच राणीकडून.

तर, जो रोग राजवाड्यातून दोन माणसं घेऊन गेला त्यातून आनंदीबाई वाचल्या. एकट्या, परक्या देशात, आधीच अशक्त असलेल्या शरीराने वाचल्या. ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण त्यानंतर त्यांची तब्येत सावरली असं म्हणता येत नाही. पुढे क्षयाने डोकं वर काढलं.

घटसर्पामुळे क्षय झाला, असा सरळ धागा जोडणं चूक ठरेल. दोन्हीचे जंतू वेगळे. क्षयाचं मात्र असं असतं की जंतू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो आणि शरीर खचलं की उठतो. थंडी, अपुरं खाणं, जागरणं, एकामागून एक दुखणी, यातलं प्रत्येक कारण त्याच्या पथ्यावर पडतं. एक्स-रेचा शोध लागायला अजून १८९५ साल उजाडायचं होतं. डॉक्टर छातीला नळी लावून जेवढं ऐकू येईल तेवढ्यावर निदान करत. बंगालमधली ती कसर आणि धाप तेव्हाच कुणाला नीट वाचता आली असती का? आली असती तरी उपाय काय केला असता? हवापालट, दूध, विश्रांती. आनंदीबाईंच्या आयुष्यात यातली विश्रांती कधी आलीच नाही.

अभ्यास थांबला नाही. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. स्वतःचं बाळ दहाव्या दिवशी गमावलेल्या मुलीने हाच विषय निवडावा, यात आश्चर्य नाही. ११ मार्च १८८६ ला पदवीदान झालं. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोचले होते. पंडिता रमाबाईही समारंभाला मुद्दाम आल्या होत्या. आनंदीबाईंना एकवीस वर्षं पूर्ण व्हायला वीस दिवस कमी होते आणि नावापुढे एम.डी. लागलं होतं.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना बोलावणं धाडलं. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधला बायकांचा विभाग त्यांच्या हाती द्यायचं ठरलं. ज्या कामासाठी एवढा घाट घातला ते काम समोर होतं. फक्त अंगात ताकद उरली नव्हती.

ऑक्टोबर १८८६ मध्ये दोघं न्यूयॉर्कहून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरले. स्वागत झालं, वर्तमानपत्रांत नाव गाजलं. समुद्र ओलांडला म्हणून ज्यांनी वाळीत टाकायची भाषा केली असती, त्यांच्यातलेही बरेच जण कौतुकाने बघायला आले. खोकला आणि ताप त्यांच्याबरोबरच बोटीतून उतरले होते.

उपचारासाठी त्यांना पुण्यात आणलं. देशी वैद्यकाचे उपचार झाले. पुण्यात ससून रुग्णालय उभं होतं, पण इंग्रजी डॉक्टरांकडे तरी क्षयावर काय होतं? तिकडचं वैद्यक शिकून आलेल्या आनंदीबाईंना हे बाकी कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असणार. त्यांच्या आजारपणाच्या गोष्टीत लोक वैद्य की डॉक्टर यावर तावातावाने भांडतात. १८८७ साली त्या भांडणाला अर्थ नव्हता, दोघांचेही हात रिकामेच होते.

२६ फेब्रुवारी १८८७ च्या रात्री पुण्यातच त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर आला होता. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांनी एकही रुग्ण तपासला नाही.

त्यानंतर पुण्यात काय झालं?

क्षयाला मारणारं पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन. ते १९४३ मध्ये सापडलं, आणि सापडलं कुठे, तर न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात. म्हणजे कार्पेंटर मावशींचं रोझेल गाव ज्या राज्यात, त्याच राज्यात. आनंदीबाईंना जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती.

पेनिसिलिन तर त्यांच्या गावाजवळच बनायला लागलं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पिंपरी-चिंचवड आज जे उद्योगनगर म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवातीची ओळख या पेनिसिलिनच्या कारखान्याची. स्ट्रेप्टोकोकसच्या घशावर वेळेत पेनिसिलिन पडलं तर हृदयाच्या झडपा वाचतात.

आणि घटसर्प? १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यावरची लस जगभर पुरवणाऱ्या बड्या उत्पादकांत तिचं नाव आहे. घटसर्पातून कसंबसं सुटून आलेली एक डॉक्टर ज्या शहरात गेली, त्याच शहरातून त्या रोगाच्या लसीच्या बाटल्या देशोदेशी जातात.

आपल्याकडे १९७८ पासून ही लस सरकारी कार्यक्रमात आहे. जुन्या पिढीला ती त्रिगुणी म्हणून आठवत असेल. आता बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पाचगुणी लस देतात. पुढे दीड ते दोन वर्षांत एक आणि पाचव्या वर्षी एक, असे बूस्टर. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचं इंजेक्शन. सगळं सरकारी दवाखान्यात फुकट.

घोळ होतो तो बूस्टरला. पहिले तीन डोस आई-आजी नेमाने देऊन आणतात, नंतर मूल शाळेत जायला लागलं की कार्ड कपाटात जातं. लसीचं बळ वर्षांनुसार ओसरत जातं. म्हणूनच घटसर्प आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी आणि त्याहून मोठ्या मुलांत जास्त दिसतो. जगातल्या घटसर्पाच्या रुग्णांत भारताचा वाटा आजही मोठा आहे. आजार झालाच तर औषध अजूनही तेच, घोड्याच्या रक्तातून काढलेलं, १८९० च्या दशकातलं. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करतं, पण एकदा हृदयाला किंवा मज्जातंतूला चिकटलेल्या विषापुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत दिलेल्या औषधाची किंमत आठवड्यानंतरच्या औषधाला येत नाही. उपचार मिळूनही आज दहातला एखादा रुग्ण दगावतो.

आनंदीबाईंवर लिहिणं त्या गेल्यावर लगेच सुरू झालं. अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचं चरित्र छापलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं, एका बाईने दुसऱ्या बाईचं लिहिलेलं ते चरित्र मराठीतलं आद्य उदाहरण समजलं जातं. श्री. ज. जोशींची कादंबरी, त्यावरचं नाटक, २०१९ चा सिनेमा हे सगळं नंतरचं. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव आहे.

अस्थी मात्र पुण्यात राहिल्या नाहीत. गोपाळरावांनी त्या अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत. दगडावर आनंदीबाईंचं नाव, पुढे एम.डी. आणि १८६५ ते १८८७ ही दोन सालं कोरलेली आहेत.